ओढ्याकाठचं सुंदर गाव

हॅरोहून सकाळी निघताना ताई म्हणाली, "इंग्लंडमधलं सगळ्यात सुंदर गाव म्हणतात त्याला. लीड्सच्या हॉस्पिटलात जन्म गेला, पण तिकडे जाणं काही झालं नाही." ताई भूलतज्ज्ञ, आता रिटायर होऊन लंडनच्या हॅरो भागात राहायला आलेली. मी पुण्याहून तिच्याकडे आलो होतो.

गाव खरोखरच सुंदर होतं. मधाच्या रंगाच्या दगडाची बुटकी घरं, दारांवर गुलाबाचे वेल, समोरून वाहणारा नितळ ओढा. टी-रूममध्ये आम्ही स्कोन (साय आणि जॅम लावून खायचा गोडसर पाव) खाल्ले. मला कोरडे वाटले. बाहेरचा अरुंद रस्ता टूरिस्ट कोच आणि फोटो काढणाऱ्यांनी भरून गेला होता.

एका घराच्या वरच्या खिडकीतून पांढऱ्या केसांच्या बाई हात हलवत होत्या. लोकही हसून हात हलवत होते, फोटो घेत होते. मीही एक घेतला. ताई मात्र थांबली.

"अरे, त्या हसत नाहीयेत."

तिने दार ठोठावलं, मग बोळातून मागे गेली. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत अरुंद जिन्यात एक वृद्ध गृहस्थ आडवे पडले होते. शुद्धीवर होते, पण पाय हलत नव्हता. वर त्यांची पत्नी अडकलेली आणि फोन खाली स्वयंपाकघरात.

"खूप हाका मारल्या," त्या वरून म्हणाल्या. "खिडकी उघडतच नाही हो."

ताईने अँब्युलन्स बोलावली आणि गृहस्थांचा हात धरून पायरीवर बसली. मी रस्ता मोकळा करायला धावलो.

"पॅसेंजर आल्याशिवाय हलता येणार नाही," पहिला कोचवाला म्हणाला. माणूस पडलाय म्हटल्यावर मात्र त्याने मुकाट्याने कोच मागे घेतला. बाकीचेही हलले.

स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा गर्दीने बाजूला होऊन वाट दिली. बाई ताईला म्हणाल्या, "तुमची सहल वाया गेली." ताईने आपला नंबर त्यांच्या हातात दिला.

आठवड्याभराने ताईला त्यांचा फोन आला. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं होतं. पण तो जिना आता त्यांना जमणार नव्हता. "घर विकायला काढलंय. फोटो बघूनच लोक मागायला लागलेत." मग म्हणाल्या, "ते जन्मले त्याच घरात. त्यांना अजून सांगितलं नाही."

पुण्यात सगळे विचारतात, गाव कसं होतं? सुंदर, असं मी सांगतो आणि ते खरंच आहे. पण घर विकायला काढल्याचं बाईंनी नवऱ्याला कधी आणि कसं सांगितलं असेल, हे मला अजून कळलेलं नाही.