ठिपका हलत नव्हता

सेलूच्या शिवकन्याबाईंच्या काळजीची गल्लीत चेष्टा व्हायची, आणि त्यांना ती मान्यही होती. रस्त्यावरून ॲम्ब्युलन्सचा आवाज गेला की हातातलं काम टाकून त्या घरातली माणसं मनातल्या मनात कुठं कुठं आहेत ते तपासून घ्यायच्या. नवरा योगीराज वीज खात्यात होते. खांबावर चढायचं काम सुटून त्यांना टेबल मिळालं होतं, तरी आभाळ भरून आलं की बाईंचा फोन जायचाच. योगीराज लेकीला म्हणायचे, "दुसऱ्यांच्या आया 'जेवलीस का' विचारतात. तुझी 'पोचलीस का' विचारते."

इतिहास घेऊन पदवी घेतलेली, शाळेच्या कार्यालयात सगळ्यांची कामं निगुतीनं करणारी ही बाई. पण एकुलती एक लेक अर्पिता घराबाहेर पडली की हिचा जीव दारातच उभा राहायचा.

आणि लेकीनं शिकायला काय घ्यावं, तर प्राणिशास्त्र. परभणीला एम.एस्सी.ला होती. अभ्यासासाठी तिनं वालूरच्या पलीकडच्या गायरानावरची लांडग्यांची एक जोडी निवडली. दगडी टेकाडाच्या पोटात मादीनं पिल्लांसाठी खोल बिळासारखी ढोल केली होती, आणि संक्रांतीच्या आसपास तिथून पिल्लं बाहेर डोकवायला लागली. अर्पिता रविवारी पहाटे स्कूटीवरून जायची, गाडी रस्त्यालाच लावायची आणि दूरच्या बोरीआड दुर्बीण घेऊन बसायची. तिचे नियम कडक होते. वारा आपल्याकडून ढोलीकडे जात असेल तर जागा बदलायची. बोलायचं नाही, फोन मुका ठेवायचा. संत्र्याचं सालसुद्धा पिशवीत घालून परत आणायचं. आणि जागा कुणाला म्हणजे कुणालाही सांगायची नाही.

"लांडगे आपल्याला काही करत नाहीत का गं?" शिवकन्याबाईंनी विचारलं होतं.

"आपणच त्यांना करतो. पाहुण्यानं ओसरीवर बसावं आई, माजघरात डोकावू नये."

बाईंना ते पटलं. पण पटणं वेगळं आणि जिवाला थारा मिळणं वेगळं. त्यांनी अट घातली की माळावर असेपर्यंत लाईव्ह लोकेशन चालू ठेवायचं. अर्पितानं आधी साफ नकार दिला. शेवटी आईचा चेहरा बघून कबूल झाली, पण गळ्याला हात लावून शपथ घ्यायला लावली, की हे कुणाला दाखवायचं नाही, बाबांनासुद्धा नाही. बाईंनी शपथ घेतली. त्यानंतर दर रविवारी भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना एक निळा ठिपका त्यांच्या सोबतीला असायचा.

त्या रविवारी ठिपका हलत नव्हता.

तसा तो दर वेळी कमीच हलायचा, बसूनच तर असायची पोर. पण त्या दिवशी दुपार कलली तरी तो होता तिथंच. बाईंनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. फोन मुका असतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही त्यांच्या डोळ्यांपुढं विंचू आला, साप आला, दगडावरून घसरलेला पाय आला, कुठून तरी दोन टवाळ पोरं आली. पोळी तव्यावर करपली. योगीराज परभणीला गेले होते. बाईंनी लोकेशन उचललं आणि वालूरच्या आपल्या धाकट्या भावाला, पप्पूला, पाठवून दिलं. खाली लिहिलं, जरा जाऊन बघ, एकटाच जा.

पप्पूचं शेत तिथून जवळच होतं. त्या दिवशी शेतात हुरड्याची पार्टी रंगली होती, मित्र जमले होते, आगटी पेटलेली होती. बहिणीचा निरोप आल्यावर तो उठला, आणि तो उठला म्हणून सगळेच उठले. बोलेरो गायरानातून थेट टेकाडापर्यंत गेली, गाणी चालू, वर हॉर्न.

मग त्याचा फोन आला. "ताई, उगं घाबरायलीस. पोरगी ठणठणीत हाय. झुडपाआड बसून दुर्बीण लावायली. आन इथं काय हाय माहिताय का? लांडग्याची पिल्लं. थांब, फोटो धाडतो."

इतकं हलकं बाईंना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्या हलकेपणातच त्यांनी फोटो उघडला. पप्पूचा मित्र गोपाळ दात काढून हसत होता आणि त्याच्या तळहातांवर एक मातकट पिल्लू लोंबत होतं, कान पडलेले, डोळे निळसर. मागं अर्पिता होती. तिचे दोन्ही हात पुढं आले होते, काहीतरी थांबवायला यावेत तसे.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. आवाज अगदी खाली होता. ते लोक पिल्लू घेऊन गेले, म्हणाली. मादी पळाली, आता ती लांबून बघत असेल, बाकीची पिल्लं आत आहेत. आज रात्रीच ती बिऱ्हाड हलवेल, हलवल्यावर ते पिल्लू परत ठेवून काही उपयोग नाही. मी वन खात्याला कळवलंय, पण त्यांचा माणूस यायला रात्र होईल आणि पप्पूमामा ऐकत नाहीये. शेवटी ती म्हणाली,

"लोकेशन तुझ्याशिवाय कुणाकडं नव्हतं, आई."

बाईंनी फोन ठेवला. त्या कुलूप लावून निघाल्या. वालूरच्या ऑटोत कोंबून बसताना शेजारणीनं कुठं निघालात म्हणून विचारलं, तर भावाकडं म्हणाल्या. ऑटो सवाऱ्या घेत घेत थांबत होता आणि बाई दर थांब्याला सूर्याकडं बघत होत्या.

पप्पूच्या अंगणात टोमॅटोच्या कॅरेटभोवती निम्मी आळी जमली होती. आत पिल्लू कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होतं. कुणी दूध ठेवलं होतं, कुणी बिस्कीट. गोपाळ म्हणत होता की ह्याला पाळायचा, शेतात राखणीला ठेवायचा, रानडुक्कर फिरकायचं न्हाई.

"पप्पू, हे परत न्यायचं. आत्ता," शिवकन्याबाई म्हणाल्या.

"ताई, बस, पाणी पी. आगं उद्या हेच शेळ्या खाईल."

"खाईल तवा बघू."

"तूच धाडलं की मला तिथं," पप्पू हसत म्हणाला. "आता मलाच दोष व्हय?"

बाईंचा चेहरा उतरला. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुला न्हाई रे. दोष माझाच हाय. म्हणून तर मी आले."

पप्पूचं हसू ओसरलं. तो गोपाळकडं न बघता किल्ली आणायला आत गेला.

कुत्रं दिसलं तरी रस्ता बदलणाऱ्या शिवकन्याबाईंनी कॅरेटमध्ये हात घातला. पिल्लू पदरात गुंडाळलं. ते गरम होतं आणि त्याच्या छातीतली धडधड पदरातून तळहाताला लागत होती. गाडीत त्या पिल्लू पोटाशी धरून बसल्या. गायरानाच्या अलीकडं पप्पूनं न सांगता गाणी बंद केली, आणि अर्पिता उभी होती तिथं, रस्त्यालाच, गाडी थांबवली.

अर्पितानं आईकडं पाहिलंही नाही. पिल्लू जुन्या सुती कापडात घेतलं आणि म्हणाली की मी एकटीच जाणार, उजेड करायचा नाही, हाका मारायच्या नाहीत, कुणी खाली उतरायचं नाही.

सूर्य बुडाला होता. गवताचा रंग जाऊन नुसता आकार उरला होता. लेक त्या गवतात शिरली आणि बघता बघता दिसेनाशी झाली. तिचा फोन स्कूटीच्या डिकीत होता. बाईंच्या हातात त्यांचा फोन होता, आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. घशाशी आलेली हाक त्यांनी दातांत पदर धरून अडवली. पलीकडून, टेकाडाच्या मागून, एक लांब, बारीक आवाज आला. पप्पू म्हणाला, ताई, काच वर घे. त्यांनी घेतली नाही. तो आवाज कुणाला हाक मारतोय ते त्यांना कळत होतं.

अर्पिता परत आली तेव्हा तिच्या हातात नुसतं कापड होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ढोल रिकामी होती. पावलं होती, पण दगडावर जाऊन ती हरवली. ते पिल्लूही आईनं नेलं की रात्रीतून दुसऱ्या कुणी, हे अर्पितानं सांगितलं नाही. बाईंनी जेवताना विचारलं, तेव्हा ती ताटाकडं बघत म्हणाली, "कळलं तरी सांगणार नाही, आई." तिनं लोकेशन बंद केलं होतं. बाईंनी चालू कर म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी ती पहाटे निघाली. कुठं ते बोलली नाही, संध्याकाळी फोन करीन एवढंच म्हणाली. दुपारी पप्पूचा फोन आला. त्यानं स्टेटसला टाकलेला पिल्लाचा फोटो काढून टाकला होता, पण तोवर तो गावोगाव फिरला होता. देवगाव फाट्याकडून एक गाडी भरून माणसं शेतात येऊन बसली होती, पिल्लं दाखवा म्हणत होती.

"काय सांगू ह्यांना, ताई? अर्पूला तर ठाव असंल नवी जागा."

"मला माहीत नाही."

"आन अर्पू कुठं गेली?"

"तेही माहीत नाही रे."

पलीकडं पप्पूनं कुणाला तरी, थांबा जरा, म्हटलं. मग म्हणाला, "बरं. मग मलाबी न्हाई म्हणून सांगतो."

बाईंनी फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि भाजी निवडायला घेतली. दोन काड्या निवडल्या. उठून फोन सरळ केला, बघितला, पुन्हा पालथा ठेवला. मग तो तसाच राहू दिला आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.