आईतवारची सरळ रेघ

आमच्या साडूभाऊंइतकं मोजूनमापून जगणारं माणूस मराठवाड्यात दुसरं असेल, तर ते जनगणनेतून सुटलेलं असणार. साडूभाऊ म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रांना सेन्सर लावायचे आणि त्या सेन्सरनं किती वेळानं डोळा उघडून नोंद घ्यायची ते ठरवायचं, हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. मोजायला काय, कुणीही मोजतं. कधी मोजायचं हे कळायला अक्कल लागते, असं ते म्हणतात आणि म्हणताना समोरचा चहा गार करून टाकतात. लग्न झाल्या झाल्या मेहुणीला दूध तापवायलाही त्यांनीच शिकवलं. "आधी निवांत पेपर वाच. साय धरली की मग पापणी लवू देऊ नकोस." सतत भांड्यापाशी उभं राहणं त्यांना मुळीच पटत नाही. "सतत मोजतो तो आळशी. कुठं बघायचं तेच त्याला ठाऊक नसतं." मेहुणीचं दूध अजूनही उतू जातं, ते त्या पेपरपायी.

आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे देवालाही सांगता यायचं नाही. साडूभाऊंनी घरच्या हौदात सेन्सर बसवला. कोरड्या हौदाची खबर मिनिटामिनिटाला घेऊन काय करायचं? म्हणून तो एरवी झोपलेला असतो आणि पाणी पडलं की जागा होऊन यांच्या फोनवर बोंब मारतो. एकदा गुलमंडीवर आम्ही शर्टाचं कापड बघत होतो. फोन वाजला आणि हा गृहस्थ खांद्यावर कापड तसंच ठेवून अर्ध्या गल्लीला फोन करत सुटला. गल्लीतल्या बायका त्यांना भाऊजी म्हणतात, पण चेहऱ्यावरचा भाव देवळातला असतो.

मला मात्र खरं थक्क केलं ते त्यांच्या कारखान्यातल्या भट्टीनं. एकदा सहज भेटायला गेलो होतो. भट्टीचं तापमान तासातासाला नोंदलं जात होतं आणि पडद्यावर रेघ अगदी सरळ. हाताखालची पोरं खूश. साडूभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. "इतकी सरळ रेघ फक्त मेलेल्याची असते," म्हणाले. त्यांनी नोंदीची वेळ मनाला येईल तशी मागंपुढं केली, तर रेघेला डोंगरदऱ्या फुटल्या. भट्टी तासातून एकदा घसरत होती, पुन्हा सावरत होती, आणि पोरं दर वेळी नेमकी सावरल्यावरच डोकावत होती. "ठरल्या वेळी पाहुणा गेला की घर आवरलेलंच दिसतं," साडूभाऊ त्यांना म्हणाले. मी हात जोडायचे तेवढे बाकी होते.

त्यांची आई सिल्लोडला एकटी राहते. मीही तिला मायच म्हणतो. साडूभाऊ दर आईतवारी सकाळी नऊच्या ठोक्याला तिच्याकडं हजर. माय न्हाऊनधुऊन, अंबाडा घालून ओट्यावर बसलेली, भाकरी-ठेचा तयार. संध्याकाळी परतले की आम्हाला एका शब्दात अहवाल मिळायचा. "ठणठणीत."

गेल्या वर्षी आम्ही दोघं अजिंठ्याला एका साखरपुड्याला निघालो होतो. वार बुधवार. वाटेत सिल्लोड लागलं म्हणून न कळवताच घराकडं वळलो. माय भिंतीला टेकून खाली बसली होती. केस मोकळे, शेगडी थंड. शेजारच्या मुसलमान मावशी, म्हणजे खाला, तिला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होत्या.

माय बावरली. तिचा हात आधी केसांकडं गेला. "आज कसा काय आलास रं? आज आईतवार नाय ना?"

खालांना राहवलं नाही. "सनीचर से तैयारी करती अम्माँ, बेटा आता बोलके. इतवार को इत्ता थकती, फिर दो-तीन दिन उठतीच नईं."

"गप गं," माय म्हणाली. "एवढ्या लांबून येतंय लेकरू. त्याला काय माझं रडगाणं दाखवू?"

साखरपुडा राहिला. डॉक्टर आले, औषधं आली. परतीच्या वाटेवर फुलंब्री मागं पडली. तेव्हा साडूभाऊ म्हणाले, "दर आईतवारी. नऊच वाजता." मला त्यांच्याकडं बघवेना.

त्यानंतर ते वार न ठरवता जाऊ लागले. मी म्हटलं, घरातच एखादा सेन्सर बसवा की. "तिला कळलं, तर त्याच्यासमोरही अंबाडा घालून बसेल," ते म्हणाले. पुढं खालांचा फोन आला. बेटा कोणत्या दिवशी टपकेल नेम नाही, म्हणून अम्माँ आता रोजच पहाटे उठून न्हाते आणि रोजच थकते. इथं साडूभाऊंची सारी विद्या संपली.

मायनं शहरात यायला साफ नकार दिला. तेव्हा हल्ली साडूभाऊच मेहुणीला घेऊन सिल्लोडला राहतात आणि रोज तिथून वाळूजला ये-जा करतात.

"हे तर सतत झालं की," मी चिडवलं.

"व्हय," ते म्हणाले. "जे पुन्हा मोजायला मिळणार नाय, तिथं सततच बघावं लागतं."

परवा गेलो तर माय ओट्यावर केस मोकळे सोडून बसली होती. मला पाहूनही तिची लगबग झाली नाही. साडूभाऊ मागं बसून तिचा अंबाडा घालत होते. तो वाकडा झाला. तिनं हातानं चाचपला आणि म्हणाली, "राहू दे असाच."