वाटीभर पोटाची माणसं

पोटभर जेवलेल्या माणसाकडं सांगायला काही नसतं. ढेकर देतो आणि झोपतो. किस्से साठतात ते अर्धपोटी माणसांकडं, आणि आम्ही चौघं तर पाव पोटाची! एकाच आठवड्यात, एकाच दवाखान्यात आमची वजन कमी करायची ऑपरेशनं झाली. पोट कापून केळ्याएवढं केलं आणि घरी जाताना डाएटच्या मॅडमनी हातात तक्ता दिला. आधी पाण्यासारखं, मग जरा दाटसर पातळ, मग लगदा, मग मऊ आणि सगळ्यात शेवटी आपलं नेहमीचं जेवण. त्या 'शेवटी'पर्यंत पोचता पोचता जीव मेटाकुटीला आला.

मी शोभा. कोल्हापुरात मंगळवार पेठेत खानावळ चालवते. रोज साठ माणसांचं रांधते आणि मला दोन चमचे! पोट भरतंय हो, डोकं भरत नाही. हात सारखा काहीतरी शोधत असतो. एकच टेबल तीनदा पुसते, फडताळ उघडते, लावते, परत उघडते. आमचे हे म्हणतात, "अगं, एका जागी बस की जरा!" बसून करू काय? पूर्वी बसलं की खायचं, एवढंच ठाऊक होतं.

बाकीची तिघं म्हणजे दिनकरतात्या, आमच्याच पेठेतले जुने पैलवान. कांबळे सर, हायस्कुलात गणित शिकवतात, राहायला कसबा बावड्यात. आणि वंदना, मलकापूरची सून, वय बत्तीस. चौघांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सरांनी त्याचं नाव ठेवलं 'वाटीभर'.

*

पहिला मान तात्यांचा. ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. मॅडमनी चौकशीला फोन केला.

"एकदम झकास हाय बगा," तात्या म्हणाले. "तुमी सांगितल्यालं तसंच चाललंय. पातळ, आनि गाळून."

मॅडम खूश. "वा! आज काय घेतलंत?"

"पांढरा रस्सा."

मॅडमनी हळूच विचारलं, "मटणाचा?"

"मग काय भोपळ्याचा आसतोय व्हय? दोनदा फडक्यातनं गाळलाय की! त्यात एक तुकडा घावला तर नाव बदला माझं."

मॅडमनी समजावलं, की त्यात खोबरं असतं, काजू असतात, तूप असतं, पोटाला सोसायचं नाही. तात्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बरं, पांढरा जड पडत आसंल," ते म्हणाले, "तर मग तांबडा चालंल का?"

त्या संध्याकाळी तात्यांना दरदरून घाम फुटला आणि मालनकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, रश्श्याचं पातेलंच उचलून शेजारी दिलं.

*

माझी लगद्याची पायरी सुरू होती तेव्हाची गोष्ट. मूगडाळ, दुधी, गाजर, सगळं शिजवायचं आणि मिक्सरला फिरवायचं. रंग असा, की बघूनच भूक मरावी. त्यात तिखट नाही, फोडणी नाही. एकदा वाडगाभर करून चटण्यांच्या रांगेत ठेवला आणि फोन घ्यायला बाहेर गेले.

परत येते तो काय! वाढणाऱ्या बाईनं माझा लगदा चार ताटांत वाढला होता. मी कपाळाला हात लावला. चौघंही आमचे रोजचे मेंबर. आता हे बोंब मारणार, म्हणून मी पुढं झाले.

त्यातला एक बोटानं ताट निपटत म्हणाला, "मावशी, ही चटणी नवीन काय? भारी हाय! फकस्त मीठ टाकायला इसरलाय."

दुसरा म्हणाला, "उद्या जरा जास्त करा."

वीस वर्षं मी मसाला भाजतेय, कांदा-लसूण कुटतेय, डोळ्यांतनं पाणी काढतेय. एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. मला इतका राग आला, की त्यांना दुसऱ्यांदा वाढलंच नाही. शिवाय मला दुपारचं जेवण परत करावं लागलं ते वेगळंच.

*

वंदनाचा किस्सा म्हणजे खरं तर तिच्या सासूचा. चार महिन्यांत वंदनाचं वजन पस्तीस किलोनं उतरलं. गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. मलकापुरात कुजबूज सुरू झाली. सून दर आठवड्याला बारीक होतीय, सासू पोटाला घालत नसणार!

सासूबाई बिचाऱ्या चांगल्या. मऊ भात करून वाटी घेऊन वंदनाच्या मागं मागं फिरायच्या. पण लोकांचं तोंड कोण धरणार? एक दिवस त्या उठल्या, कपाटातनं दवाखान्याची फाइल काढली आणि खुर्ची टाकून दारात बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचं आणि कागद पुढं करायचा.

"हे वाचा. मोठ्यानं वाचा! डॉक्टरनं लिवलंय, पोट कापलंय म्हनून. मी न्हाय उपाशी ठिवलेली!"

दुपारपर्यंत निम्म्या मलकापूरला वंदनाचा रक्तगट, वजन आणि शुगर पाठ झाली होती. वंदनानं ग्रुपवर रडायच्या इमोज्या टाकल्या. खाली सरांनी लिहिलं, 'रिपोर्ट चांगले असतील तर लाजायचं कशाला?'

*

सर स्वतः फार शिस्तीचे. घास नखाएवढा, पंचवीस वेळा चावायचा, जेवण वीस मिनिटं, आणि जेवताना पाण्याचा थेंब नाही. ताटाशेजारी मोबाइल उभा करून टायमर लावतात.

त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. मुहूर्त उशिराचा, म्हणून पंगत आधीच बसली होती. नवऱ्या मुलाचे मामा वाढायच्या आग्रहाला उभे. कोल्हापूरचा आग्रह! नाही म्हणणाऱ्याच्या ताटात दुप्पट पडतं. मामा जिलबीचं ताट घेऊन सरांपुढं थांबले.

"पावणं, घ्या की!"

"नको. माझं ऑपरेशन झालंय. पोट कापून लहान केलंय."

मामांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी ताट खाली ठेवलं, सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आरारा! लई वाईट झालं. मग एक काम करा सर, दोनच घ्या. जिलबी काय पोटापातूर जातच न्हाय, घशातच इरघळतीय!"

सर चिडून उठले. घाईत टायमर बंद करायचा राहिला, तो मंगलाष्टकाच्या वेळी वाजला.

*

आता तात्यांकडं परत येते, कारण पुढचं हसण्यासारखं राहिलं नाही.

मऊ जेवणाच्या पायरीवर तात्यांना उकडलेलं अंडं मिळालं. दीड महिन्यानं चावायला काहीतरी! पैलवान माणूस, तालमीत डझनानं अंडी गिळलेली. त्यांनी ते दोन घासांत संपवलं. आणि अडकलं. छातीत अशी कळ आली, की भिंतीला धरून उभे राहिले. तोंडाला फेस, डोळे पांढरे. तासाभरानं उलटी झाली तेव्हा कुठं सुटले.

तेव्हापासून तात्यांनी चावायचं बंद केलं. ताक, सूप, पावडरीचं दूध. आम्ही तिघं भाकरीवर आलो, तात्या ताकावरच. दवाखान्यात नेऊन दुर्बिणीनं तपासलं. रस्ता मोकळा. डॉक्टर म्हणाले, पोट बरं आहे, भीती डोक्यात आहे. पण डोक्यातली काढायची कशी? दोन महिने झाले. केस मुठीनं गळायला लागले, जिना चढताना चक्कर यायची. एवढा ढाण्या माणूस, त्याला शर्टाचं बटण लावता येईना, हे मी बघितलंय. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

मॅडमनी निर्वाणीचं सांगितलं, "पंधरा दिवस. तोपर्यंत घास सुरू झाला नाही तर ॲडमिट करून नळीनं द्यावं लागेल."

*

मग आम्ही दर दोन दिवसांनी खानावळीत बसायला लागलो. दुपारी तीनला गिऱ्हाईक नसतं. मी मऊ भाकरी आणि वरण करायची. वंदना तेवढ्यासाठी मलकापूरहून एसटीनं यायची.

सरांनी पहिल्याच दिवशी तोफ डागली. "तात्या, तुम्ही रोज हजार बैठका मारत होता. आणि पंचवीस वेळा चावायला होत नाही?"

"बैठकीला जीव गुदमरत न्हाय, सर."

तिसऱ्या खेपेला मात्र चमत्कार! तात्यांचं ताट रिकामं. वंदनानं टाळ्या वाजवल्या, सरांनी ग्रुपवर अंगठे टाकले. माझाही जीव भांड्यात पडला. मग तात्या घाम पुसायला लागले, आणि रुमालातनं भाकरी टेबलावर पडली. वरणासकट.

मी असली पेटले! "तात्या, लाज वाटत न्हाय? मी चुलीपुढं उभी राहून करतेय, ही पोरगी एसटीत धक्के खात येतीया, आणि तुमी रुमालात भरताय?"

तात्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "शोभे, भ्या वाटतंय गं." बास, एवढंच. मी तेच टेबल पुसत राहिले.

*

पंधरावा दिवस उजाडला. आम्ही चौघं दवाखान्यात, तात्यांबरोबर मालनकाकी. काकी नेहमीसारख्या कोपऱ्यात पदर घेऊन बसलेल्या. त्यांच्याकडं कुणाचं लक्ष? सगळे तात्यांभोवती.

वजन झालं. मॅडमनी आकडा बघितला, मान हलवली आणि ॲडमिटचा कागद पुढं ओढला. तो कागद बघून काकी बाकावरनं उठल्या, दोन पावलं टाकली आणि मटकन खाली बसल्या. धावाधाव झाली. सिस्टरनं त्यांना खुर्चीत बसवलं, बोटाला सुई टोचून साखर बघितली.

"काकी, सकाळी काय खाल्लंय?"

"ताक."

"आणि काल?"

"ताकच. आनि ह्यांच्यातलं उरल्यालं सूप."

"जेवण?"

काकींनी पदर सावरला.

मॅडम खाली वाकल्या. "काकी, कधीपासून जेवला नाही तुम्ही?"

काकींनी तात्यांकडं बघितलं, मग खाली फरशीकडं. "ते अंडं अडाकलं, तवापासनं."

मॅडमनी त्यांना धरून काट्यावर उभं केलं. अंडं अडकलं त्या सुमाराला काकींचीही तपासणी झाली होती, त्या कागदावर त्यांचं वजन होतं. अडीच महिन्यांत तात्या बारा किलो उतरले होते. काकी चौदा! तेही बिनऑपरेशनच्या.

तात्या उठले. "मालन? काय ह्ये? मला बोलली का न्हाईस?"

"त्यात बोलायचं काय?" काकी म्हणाल्या. "चाळीस वर्सं झाली, तुमच्या आदी जेवायची सवय न्हाय मला."

सरांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. माझे हात तर नुसते वळवळत होते. पिशवीची चेन उघडते, लावते, उघडते, लावते.

"शोभे," तात्या म्हणाले. "डबा हाय का तुज्याकडं?"

माझा डबा कायम असतो. अर्धी भाकरी आणि घट्ट वरण. मी झाकण काढून तात्यांच्या मांडीवर ठेवला. तात्यांनी नखाएवढा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि डोळे मिटून तोंडात घातला. चावत राहिले. कपाळावर घाम आला. मधेच एकदा हात तोंडाकडं गेला, तेव्हा वंदनानं माझं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली. पण तात्यांनी हात परत मांडीवर नेला.

मग गिळलं.

छातीवर तळवा ठेवून बसले. मॅडम उभ्या, सिस्टर उभी, आम्ही उभे. भिंतीवरचं घड्याळ मला स्पष्ट ऐकू येत होतं. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. काही झालं नाही. तात्यांनी डोळे उघडले, डबा उचलला आणि काकींच्या पुढं धरला.

"झालं माझं. जेव आता."

काकींनी डबा हातात घेतला. आत वाकून बघितलं. तुकडा मोडला, वरणात बुडवला, तोंडापर्यंत नेला आणि थांबल्या. तो तुकडा तसाच तात्यांच्या तोंडापुढं धरला.

"एका घासाला जेवान म्हनत्यात व्हय?"