सी ड्राइव्हमधलं फिकट फोल्डर

सुरतेत आमच्या घरी माडीवरच्या खोलीत एकच कॉम्प्युटर आहे. साड्यांच्या एम्ब्रॉयडरीच्या डिझाइन आम्ही दोघी जावा त्याच्यावर करतो. सकाळी मोठी जाऊ, म्हणजे ताई, बसतात, दुपारी मी.

त्या दिवशी डिझाइन सेव्हच होईना. सी ड्राइव्ह भरला होता, त्याची पट्टी लाल झाली होती. मला पहिला संशय जावेचाच आला. त्याच आठवड्यात आमचा व्यापारी दोघींसमोर म्हणाला होता, "बेन, तुमची वेलीची डिझाइन त्या कामरेज गावच्या डिझाइनवाल्याकडे पण आहे." त्याला नमुना दाखवण्यापलीकडे आमच्याकडून ती अजून कोणालाच गेली नव्हती. ताई गुपचूप प्रती काढून बाहेर देत असतील आणि त्या प्रतींनीच जागा भरली असेल, असं मी मनात पक्कं करून टाकलं.

ताई खाली चपात्या लाटत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि एकेका फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघत गेले. डिझाइनचं फोल्डर किरकोळ निघालं. डाउनलोड, लग्नाचे फोटो, तेही फार नव्हते. सगळ्यांची बेरीज केली तरी भरलेली जागा जुळेना. मग लपवलेल्या फाइल दाखवायचा पर्याय चालू केला, तेव्हा एक फिकट रंगाचं फोल्डर वर आलं. नावाला नुसती अक्षरं, अर्थ काही नाही. आकडा मोजायला कॉम्प्युटरला बराच वेळ लागला. जवळजवळ अर्धा ड्राइव्ह त्यानेच खाल्ला होता.

आत व्हिडिओ होते. एक उघडला. माझाच स्क्रीन होता. माझा बाण फिरत होता, मी पाकळी काढत होते, पुसत होते, परत काढत होते. मग वेळा बघितल्या. सगळे व्हिडिओ दुपारचे. सकाळचा एकही नाही.

मी खाली गेले. "ताई, वर माझ्या कामाचे व्हिडिओ आहेत. कोणी ठेवले?"

त्यांनी लाटणं थांबवलं नाही. "ते मीच टाकेल शे." चिडल्या किंवा घाबरल्या की त्या अहिराणीवर येतात.

"माझ्यावर पाळत ठेवली?"

"डिझाइन बाहेर जात होत्या. दुपारी तू एकटी असतेस, दार लावून घेतेस. मी कोणाला विचारणार होते?"

आत्ताही वर मी दार लोटूनच बसले होते, ते आठवलं. "मग काय सापडलं?"

"एकच बघितला. तू एका पानाला किती वेळ सावली देत होतीस. बघता बघता मला झोप लागली."

मला हसू आलं नाही. "मला वाटत होतं, तुम्ही देता," मी म्हणाले. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. आम्ही दोघी एकमेकींच्या चेहऱ्यावर खरं-खोटं शोधत राहिलो.

संध्याकाळी शेजारी बसून आम्ही ते फोल्डर उडवलं आणि रेकॉर्डिंगचा प्रोग्रामही काढला. रिसायकल बिन ताईंनी स्वतः रिकामा केला, तेव्हा पट्टी निळी झाली. मी बिन परत उघडून बघितला. त्यांनी मला बघताना पाहिलं.

डिझाइन कामरेजला कशी पोचली ते अजून कळलेलं नाही. आता आमचा संशय व्यापाऱ्यावर आहे. निदान हा संशय दोघींचा मिळून आहे, आणि दुपारी मी दार उघडंच ठेवते.