शौकतचा तीन वर्षांचा सौदा

चाकणच्या शौकतला मी जवळून ओळखत होते, म्हणून आधीच सांगते: तो शूर नव्हता. शेजारच्या कोंबडीने डोळे वटारले तरी रस्ता बदलणारा माणूस तो. फौजेत मेला म्हणून पुढे लोकांनी त्याचं जे चित्र रंगवलं, ते माझ्याच्याने ऐकवत नाही.

तो कांद्याच्या बाजारातला दलाल. वारलेले वडीलही तेच करत. एकोणीसशे पन्नासच्या आसपास चाकणच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरत, वर रुमाल टाकत आणि खाली बोटं दाबून भाव ठरवत. जितकी बोटं धरली तितका आकडा. भोवती गर्दी असली तरी कुणाला पत्ता नाही. या कामात शौकतसारखा कुणी नव्हता. चार माणसांत बोलायची त्याला लाज वाटे. रुमालाखाली मात्र त्याची बोटं भलती वाचाळ.

मग बाजारात उघड लिलाव सुरू झाला. ढिगासमोर उभं राहून ओरडायचं. पहिल्याच दिवशी शौकतने तोंड उघडलं आणि जो काही आवाज निघाला, त्यावर भिमाजी व्यापारी म्हणाला, "शौकतभाई, ही बोली हाय का उचकी?" अख्खा बाजार हसला. दोन हंगाम त्याने उचक्या दिल्या. मग त्याच्या आईच्या, रहमतबीच्या, मामेभावाने मलायातून बोलावणं पाठवलं. तिथे त्याचं मसाल्याचं दुकान होतं.

शौकतच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बायको मदिना माझ्याच वयाची. मी पुण्याला बी.ए. करत होते, सुट्टीला आमच्या कुंपणावरून गप्पा चालत. पुढचं तिनेच मला सांगितलं.

एसटी स्टँडवर त्याला पोचवायला सगळा मोहल्ला आलेला. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नाही. मदिनाने भाकऱ्यांचं गाठोडं पुढे केलं, शौकतने घ्यायला हात पुढे केला आणि गाठोड्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर ओढला. त्याने तिची पाचही बोटं धरली: पाच वर्षं. तिने हात सोडवून त्याचं एकच बोट पकडलं. त्याने चार धरली. तिने नख रुतवलं. कंडक्टर घंटी मारतोय, लोक ओरडताहेत, "अगं, दे की ते गाठोडं!" आणि यांची घासाघीस चाललेली. शेवटी तीनवर ठरलं. तीन वर्षांनी परत यायचं आणि तोवर तिने वाट बघायची.

घरी येताना रहमतबी सुनेला म्हणाली, "तीन जास्त झाली. जरा रेटलं असतंस तर दोनवर आला असता."

"अम्मा, तुमी बघितलं?"

"दलालाची बायकू हाय मी. आंधळी न्हाई."

मलायात तेव्हा जंगलातले बंडखोर आणि इंग्रजांची फौज यांची लढाई पेटलेली. मामाच्या दुकानात गिऱ्हाइकांना हाका मारायच्या, तेही शौकतला जमेना. फौजेच्या रसदखात्यात तिथलीच माणसं घेत होते, तिकडे हा चिकटला. खाकी कपडे, बूट, आणि काम काय, तर भटारखान्यासाठी भाजी अन् कोंबड्यांची खरेदी. होय, कोंबड्यांची! चिनी शेतकऱ्यांची भाषा याला येईना, याची त्यांना. याने सरळ टॉवेल काढला आणि हातावर टाकला. थोड्याच दिवसांत सगळे भाजीवाले याच्याशी बोटांनी बोलू लागले.

पण बंडखोरही बहुतेक चिनीच. एका गोऱ्या सार्जंटने पाहिलं की हा शिपाई चिन्यांशी टॉवेलखाली कसल्या तरी खुणा करतो. झालं, हेर म्हणून कोठडीत! कप्तानापुढे उभं केल्यावर शौकतची वाचाच बसली. त्याने मुकाट्याने कप्तानाचा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि टेबलावरच्या टोपीचा सौदा सुरू केला. कप्तान आधी दचकला, मग समजला, मग म्हणे स्वतःच भाव पाडून मागू लागला. सुटका झाली. हे सगळं त्याने पत्रातून कळवलं; ते पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा मदिना हसून हसून ओट्यावर आडवी झाली. मग डोळे पुसत म्हणाली, "पन टोपी कितीला दिली?"

तिसरं वर्ष लागलं आणि तार आली. रसदीच्या ट्रकवर जंगलातून गोळीबार झाला, त्यात शौकत गेला. मामाने मागाहून कळवलं, की त्याच्याजवळ बंदूकही नव्हती; कोबीच्या टोपल्यांवर बसला होता.

शाळेत शोकसभा झाली. आमचे पुढारी नानासाहेब मायभूमीसाठी सांडलेल्या रक्तावर बोलत सुटले. रहमतबी मला कोपराने ढोसून विचारत होती, "कुनाच्या भूमीचं म्हनतोय ह्यो? माझा पोरगा कुनाशी लढत व्हता गं?" मी इतिहास घेऊन बी.ए. झाले होते. मला सांगता येईना.

मदिनाची इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायचे चार महिने दहा दिवस, संपली तसा तिचा बाप खेडहून स्थळ घेऊन आला. वजीर, लॉरीचा ड्रायव्हर. पहिली बायको वारलेली, माणूस सरळ. मदिना म्हणाली, "तीन वर्सं पुरी व्हऊ द्या."

"अगं, तो मेला!"

"तो मेला. सबूद मीबी दिला व्हता."

हा शुद्ध वेडेपणा आहे, असं मीही तिला सुनावलं. "तुला बाजार कळत न्हाई," ती म्हणाली आणि कांदे निवडायला लागली.

बाप चिडून गेला. वजीर थांबायला तयार झाला. रहमतबी मात्र बोटांवर दिवस मोजू लागली. मुलगा गेलाच होता. मुदत भरली की सूनही जाणार. घरात तिसरं माणूस नव्हतं.

मुदत भरली त्या सकाळी तिने मदिनाला विचारलं, "वजीर पसंत हाय?" मदिनाने मान डोलावली. तशी रहमतबी पदर खोचून खेडच्या एसटीत बसली आणि थेट वजीरच्या दारात उभी राहिली. "पोरगी राजी हाय. पन ती माझ्या घरातनं हलायची न्हाई. तू यायचं चाकनला."

"मी सासूच्या घरी ऱ्हाऊ?"

"सासू कुठली? मी तुझी कुनीच न्हाई. म्हनून तर सोपं हाय!"

गल्ली गोळा झाली. वजीर म्हणाला, लॉरी अंगणात लावू द्या. रहमतबीने त्यासाठी अंगणातल्या कडुलिंबाची आडवी येणारी एक फांदी तोडायचं कबूल केलं आणि तिथेच ठरलं.

निकाह झाला, वजीर लॉरीसकट आला. पहिल्या जेवणाला मीही होते. वजीर अडला, रहमतबीला हाक काय मारायची? बराच वेळ चाचरून म्हणाला, "अम्मा, मीठ द्या."

रहमतबी आत गेली. मिठाला एवढा वेळ लागत नाही. मदिना उठू लागली, मी तिला खाली बसवलं. आम्ही ताटांवर हात धरून बसून राहिलो.

मग आतून आवाज आला, "खायला लागा की, भात निवतोय!"