गायक नसलेला अल्बम

आमच्या लाडक्या गिटारवाल्याचा नवा अल्बम आला आणि आमच्या ग्रुपवर भांडणं सुरू झाली. ग्रुप म्हणजे परभणीच्या कॉलेजात असताना इंग्रजी रॉक ऐकून बिघडलेली आम्ही मोजकी मंडळी. त्या काळी गिटार हा वाजवायचा आणि गायचा त्याच्या बँडमधला दुसराच एक जण, शिरा ताणून, अंगात आल्यासारखा. बँड कधीच मोडला. आता म्हातारपणी या गड्यानं एकट्यानं अल्बम काढला, आणि त्यात गाणं नाहीच. नुसती गिटार, तीही सावकाश.

गंगाखेडच्या निवृत्त मास्तरांनी लिहिलं, "जेवताना लावलं, दोन घास जास्त गेले." पुण्यात स्थायिक झालेल्यानं लिहिलं की याचे हात थकलेत, आता यानं नातवंडं सांभाळावीत. मी तर लिहिलं, गॅस एजन्सीला फोन लावल्यावर आपल्याला ताटकळत ठेवून जे वाजवतात, तसलं वाजतंय हे. मास्तर तडकून ग्रुप सोडून गेले आणि संध्याकाळी चहा पिऊन परत आले. माझं मत आजही तेच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

गप्प होता तो फक्त बोरीचा माझा मित्र. आमच्यातला खरा वेडा तोच. मागच्या वर्षी पोळ्यानंतर वहिनी गेल्या आणि त्यानं गाणं ऐकणंच सोडलं. फोन केला की पिकाचं बोलायचा, तब्येतीचं विचारायचा, गाण्याचा विषय निघाला की "बरं, ठेवतो" म्हणायचा. चाळीस वर्षांची आमची दोस्ती त्या गाण्यांवरच उभी होती. गाणी गेल्यावर आमच्यात नुसतं सोयाबीन उरलं, आणि मला ते सहन होत नव्हतं.

पूर्वी आमचा एक नियम होता. हैदराबादहून नवी कॅसेट आली तरी त्याच्या घरात कापूस येईपर्यंत ती लावायची नाही. त्याची बाहेरची खोली पत्र्याची. एरवी तिथं नुसता आवाज घुमायचा, पण वेचणीचा कापूस आढ्यापर्यंत भरला की घुमणं बंद, आणि गिटारची तार न् तार सुटी ऐकू यायची. त्या ढिगात आम्ही पाठ टेकून पडायचो. हातापायांना खाज सुटायची, पण उठायचं नाव नाही.

वहिनी पलीकडे स्वयंपाकघरात असायच्या. गायकानं तोंड उघडलं की दोन्ही खोल्यांमधलं दार धाडकन बंद. मधेच नुसती गिटार सुरू झाली की दार हळूच किलकिलं व्हायचं, आणि तो पुन्हा ओरडला की परत धाडकन. एकदा चहा देताना मला म्हणाल्या होत्या, "भावजी, त्या वरडणाऱ्याला गप बसवा की. वाजवणारा लय गुणाचा हाय, पर त्याला कुणी नीट वाजवूच दिना." आम्ही हसलो होतो. रॉकमधलं यांना काय कळतंय, असं ते हसणं होतं.

वेचणी झाली तसा मी एसटीनं बोरीला गेलो, न सांगता. सून जिंतूरच्या शाळेत शिकवायला गेलेली, घरात तो एकटाच. खोलीत कापूस भरलेला होता. मी पिशवीतून स्पीकर काढला तसा तो म्हणाला, "कशाला आनलास रे? मन न्हाई लागत आता."

"एकदा ऐक. न्हाई आवडलं तर बंद करू."

खरं तर मला धास्ती वाटत होती. इतक्या दिवसांनी याला ऐकवायचं, तर ते असं बेचव. हे त्याला नाही रुचलं, तर पुन्हा माझ्या हाती काही नव्हतं. पण दुसरं नवं आणू तरी कुठून? मी बटण दाबलं आणि ढिगाला टेकलो. तोही टेकला, डोळे मिटून.

पहिली धून संपली. दुसरी निम्म्यावर आली. मग तो डोळे न उघडता म्हणाला, "गानारा कव्हा सुरू व्हनार?"

"न्हाई होनार. ह्यात गानाराच न्हाई."

"शेवटपर्यंत न्हाई?"

"न्हाई. नुसता हाच वाजवायलाय."

तो उठून बसला. केसांत कापूस अडकलेला, तोंडावर वेगळंच काहीतरी. मला वाटलं, आता हा बंद कर म्हणणार. तो तसाच गिटार ऐकत राहिला, आणि मग त्याचे डोळे भरून आले. वहिनींचं ते चहा देतानाचं बोलणं माझ्या तेव्हा कुठं ध्यानात आलं.

तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. दार लोटलेलं होतं. त्यानं ते सताड उघडलं, वाऱ्यानं मिटू नये म्हणून पायाशी पाटा सरकवला, आणि परत येऊन कापसात पडला.

"पहिल्यापासून लाव," तो म्हणाला. "आज न्हाई दार लावायची ती."