पणताई

कुटुंब न्यायालयात माझं टेबल समुपदेशकांच्या खोलीला लागून. मध्ये नुसती प्लायवुडची भिंत, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं. त्या खोलीतल्या ताईंना आम्ही मागून पणताई म्हणतो. कुणी काहीही सांगो, बाईंचं पहिलं उत्तर 'पण'. नवरा रडला, पण आजच का रडला? बायको हसली, पण कशाला हसली? लोक ताक फुंकून पितात, आमच्या ताई पाणीसुद्धा.

परवा त्यांच्यापुढे पहिलीतली एक मुलगी होती. आई-बाप वेगळे, मुलगी आईकडे, फक्त रविवारी बापाकडे. तोही रविवार बंद करा, असा आईचा अर्ज. ताईंचा अहवाल न्यायाधीशांकडे जाणार आणि त्यावरच बापाचा रविवार राहणार की जाणार, हे ठरणार. दोघं बाहेर बाकाच्या दोन टोकांना बसले होते.

मुलगी म्हणाली, "बाबांकडे मला मानसिक त्रास होतो."

एवढ्याशा तोंडात एवढा शब्द! पढवलेला पोपट, दुसरं काय. मला तर त्या आईचा संतापच आला. ताईंनी खोदायला सुरुवात केली. हा शब्द आईने शिकवला का? नाही? पण मग वकिलांनी? पण बाबाच काही करतात आणि तू घाबरतेस, असं तर नाही? पोरीने तोंड मिटलं ते मिटलंच.

शेवटी ताईंनी विचारलं, "बरं, मानसिक त्रास म्हणजे काय होतं गं तुला?"

"बाबा विचारतात, आईकडे कोण येतं. घरी गेलं की आई विचारते, बाबांकडे कोण होतं." मग हळूच म्हणाली, "आणि आता तुम्ही पण."

माझं टायपिंग थांबलं. फार वाईट वाटलं.

मग ताईंनी दोघांना आत बोलावलं. रविवार राहू द्यावा, असं लिहिणार असल्याचं सांगितलं; मात्र एका घरात दुसऱ्या घराबद्दल पोरीला एक अक्षर विचारायचं नाही. बाप पडल्या आवाजात हो म्हणाला.

"पण मला कळायला नको का?" आईने विचारलं.

"नको," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी म्हटलं, ताई, काल फार चांगलं केलंत.

त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"पण तुम्ही ऐकत होतात?"